व्हर्टिकल जमिनीवर लावू की उंचावर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नवा हॅम (हौशी रेडिओवाला) भेटला की उभ्या अँटेनाबद्दल हा प्रश्न येतोच, आणि त्याला उंचीबद्दल ऐकायचं असतं. मी मात्र आधी रेडिअल, म्हणजे बुंध्यापासून चहूकडे पसरायच्या तारा, किती टाकणार ते विचारतो. पाव तरंगलांबीची काठी म्हणजे निम्मीच अँटेना. उरलेली निम्मी म्हणजे परतीच्या करंटची वाट. ती तुम्ही तारेनं दिली नाहीत, तर करंट मातीतून जातो आणि माती तापवतो.

माझी पहिली व्हर्टिकल 20 मीटर बँडची (म्हणजे साधारण तेवढ्या तरंगलांबीची), जेमतेम 5 मीटर उंच, जमिनीवर. खाली आठ तारा. एसडब्ल्यूआर (अँटेना 50 ओहमच्या केबलशी किती जुळते ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे अचूक) 1.1! मी खूश. पुढे हौसेनं तारा वाढवत 32 वर नेल्या, तर मीटर 1.3 दाखवायला लागला. काहीतरी बिघडवून ठेवलं म्हणून दिवसभर सोल्डर तपासत बसलो. बिघडलं काहीच नव्हतं. चांगल्या जमिनीवर या अँटेनाचा रोध 36 ओहमच्या आसपास असतो. आधी जे सुरेख 50 ओहम दिसत होते, त्यातले चौदाएक मातीचे होते. म्हणजे 100 वॉटमधले 28 गांडुळांना. कमी एसडब्ल्यूआरवर तेव्हापासून माझा विश्वास नाही.

जमिनीवरच्या तारांचं एक बरं असतं: लांबी काटेकोर लागत नाही, मातीच्या जवळिकीनं त्यांचा अनुनाद तसाही उरत नाही. थोड्या लांब तारांपेक्षा पुष्कळ आखूड बऱ्या.

वर चढवलीत की दोन ते चार रेडिअल पुरतात, पण ते पाव तरंगलांबीला नीट कापलेले आणि सारखे हवेत. 45 अंशांत खाली उतरवले तर रोधही 50 ओहमच्या जवळ येतो. टोकांवर व्होल्टेज भरपूर, त्यामुळे कुणाचा हात पोचू नये. आणि फीड पॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा)! मी तो आळसानं टाळला होता. कोअ‍ॅक्स केबलचं कवचच रेडिअल झालं आणि बोलताना माइकला ओठ लागला की चटका बसायचा.

सध्या 20 मीटरची छपरावर आहे, आजूबाजूच्या भिंतींच्या वर. 40 मीटरची काठी दहा मीटरची. ती वर नेऊन ताणाच्या दोऱ्या बांधत बसायची माझी तयारी नाही. ती जमिनीवरच, तिच्या 32 तारांसकट. परवा गवत कापताना त्यातल्या दोन तुटल्या. अजून जोडल्या नाहीत, आणि फरकही कळलेला नाही.