मिररलेसच्या खोक्यावरची किंमत आणि हॉलमधला उजेड

सोलापूरच्या नवी पेठेत मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची चौकशी करणारा माणूस बहुतेक वेळा एकच आकडा घेऊन घरी जातो: बॉडी (नुसता कॅमेरा) आणि किट लेन्स (त्याच खोक्यात येणारी) मिळून किती? या आकड्यावर कॅमेरा ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी दुसरी लेन्स कोणती लागणार ते ठरवा, तिची किंमत विचारा आणि मग बॉडीकडे वळा.

किमती कशा लावल्या जातात ते पाहा. कॅनन आर १०० मे २०२३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा अमेरिकेत नुसती बॉडी ४८० डॉलरला आणि १८-४५ एमएमच्या किट लेन्ससह ६०० डॉलरला होती. २०२१ च्या सोनी झेडव्ही-ई १० ची बॉडी ७०० ला, तर किट ८०० ला होती. म्हणजे शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये लेन्स पदरात पडते. सुटी घ्यायला गेलं तर ती या भावात मिळत नाही. एकदा एका कंपनीचा माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडायची कडी, घरात आला की पुढची प्रत्येक लेन्स त्याच माउंटची लागते, म्हणून पहिली लेन्स स्वस्त ठेवणं कंपनीला परवडतं.

ही किट लेन्स दिवसा छान चालते, संध्याकाळी मात्र कमी पडते. कॅननची १८-४५ पूर्ण झूमला एफ ६.३ वर येते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. ५० एमएम एफ १.८ लेन्स तिच्या सुमारे बारापट उजेड आत घेते. लग्नाच्या हॉलमध्ये एफ ६.३ वर १/६० सेकंदाला आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) ६४०० लागत असेल, तर एफ १.८ वर १/२५० सेकंदाला २००० पुरतो. पहिल्या फोटोत अक्षता टाकणारा हात पुसट येतो आणि जास्त आयएसओमुळे चित्र रवाळही दिसतं, दुसऱ्यात हात थांबलेला असतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत रात्री मिरवणुकीतल्या चालत्या नंदीध्वजांचे (उंच काठ्यांचे) फोटो काढायचे असतील तर हाच फरक पडतो.

पण ५० एमएम या कॅमेऱ्यांच्या छोट्या सेन्सरवर ७५ ते ८० एमएमसारखी दिसते. हळदीच्या अरुंद खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी सगळे चौकटीत मावत नाहीत. तिथे २४ ते ३० एमएमची उजळ लेन्स हवी, आणि माउंटचा फरक इथेच कळतो. सोनीसाठी सिग्मा या लेन्स कंपनीची ३० एमएम एफ १.४ कित्येक वर्षं बाजारात आहे, त्यामुळे ती जुनीही मिळते. निकॉनची स्वतःची २४ एमएम एफ १.७ आहे. कॅननच्या आरएफ माउंटच्या छोट्या सेन्सरसाठी सिग्माच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ पासूनच यायला लागल्या, म्हणून वापरलेल्या लेन्सच्या बाजारात त्या कमी दिसतात.

स्टुडिओवाल्यांनी फ्लॅशचा शू, म्हणजे बॉडीवर फ्लॅश बसवायची खाच, आधी तपासावा. कॅनन आर ५० वर जुन्या पद्धतीचा फ्लॅश किंवा ट्रिगर (लांबचा फ्लॅश पेटवणारा) थेट चालत नाही, एडी-ई १ हा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. सोनी झेडव्ही-ई १० च्या दुसऱ्या आवृत्तीत मेकॅनिकल शटर, म्हणजे हलणारा पडदाच नाही, त्यामुळे फ्लॅश जमतच नाही. व्हिडिओवाल्याला त्याचं काही वाटणार नाही, पण स्टेजवर दोन लाइट लावून फॅमिली फोटो काढणाऱ्याचं काम अडेल. सर्वांत स्वस्त आर १०० ला मात्र जुन्या पद्धतीचाच शू आहे, त्यावर कॅननचा फ्लॅश अडॅप्टरशिवाय बसतो.

त्या आर १०० मध्ये काटछाट दुसरीकडे आहे. स्क्रीन वळत नाही, तिला टच नाही. फोरके व्हिडिओत चौकट बरीच कापली जाते आणि कॅननचा वेगवान ड्युअल पिक्सेल फोकसही मिळत नाही. रील्ससाठी तो घेऊ नका. चादर-टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्या दुकानाला मात्र मी डोळे झाकून तोच सांगेन. ट्रायपॉड, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. खिडकीचा उजेड एका बाजूने आणि समोर पांढरा थर्माकोल. एवढ्यात काम होतं. बारीक विणीवर रंगीत लाटा उमटल्या तर कॅमेरा फूटभर पुढेमागे करा किंवा कोन थोडा बदला.

निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही-ई १० ला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, नान्नजच्या माळरानावर तर पक्षी चौकटीत आहे की नाही हेच कळत नाही. बाहेरचं काम असेल तर डोळ्याला लावायचा कॅमेराच घ्या. उन्हात फोरके लांबवर चालवताना स्क्रीन बॉडीपासून बाहेर उघडून ठेवा, उष्णता कमी कोंडते. सोनीत तापमानाची बंद होण्याची मर्यादा मेनूतून ‘हाय’वर नेता येते.

आता खर्च. झेडव्ही-ई १० ची दुसरी आवृत्ती सोडली तर या सगळ्या बॉडी मेमरी कार्डाच्या यूएचएस-१ या वेगावरच चालतात, त्यामुळे त्यांत महागडं, जास्त वेगाचं यूएचएस-२ कार्ड वाया जातं. व्ही ३० असं छापलेलं कार्ड पुरतं. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोरकेला ६४ जीबीचं कार्ड सुमारे ८५ मिनिटं चालतं. लग्नाला तीन बॅटऱ्या धरा, कारण आर ५० ची एलपी-ई १७ फक्त १०४० एमएएचची आहे. एलईडीच्या हॉलमध्ये व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, नाहीतर पट्टे उमटतात.

कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, १ जानेवारी २०१९ च्या आधी २८ होता. ५०,००० च्या बिलात ७,६२७ रुपये कराचे असतात. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला ते क्रेडिट म्हणून वळते करता येतात, पण बिल पक्कं आणि स्टुडिओच्या नावावर हवं. कच्च्या बिलावर चार-पाच हजार वाचवणारा ही रक्कम आणि वॉरंटी दोन्ही गमावतो. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही व्याजाच्या भागावर जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लागते, ती आधी विचारा.

वापरलेली बॉडी घेत असाल तर काउंटरवरच एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तो मोठा करून बघा. मिररलेसचा सेन्सर लेन्स बदलताना उघडा पडतो आणि आपल्याकडे धूळ भरपूर. काळे ठिपके ब्लोअरने गेले तर ठीक, तसेच राहिले तर ओल्या सफाईचा खर्च किमतीतून कमी करून मागा.