इंजिन नसलेल्या गाडीचा इंजिन क्रमांक

ज्या वाहनाला इंजिनच नाही त्याचा इंजिन क्रमांक काय, या एका प्रश्नापायी निवृत्तीनंतरच्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यातल्या सात सकाळी गेल्या. मोटारीमागे जोडून न्यायचा, दोन माणसांना झोपता येईल असा एका आसाचा छोटा ट्रेलर मी परराज्यातील एका उत्पादकाकडून नवा घेतला आणि तात्पुरत्या नोंदणीवर गोव्यात आणला. पैसे भरण्यापासून अनमोड घाट उतरून मोलेला पोहोचण्यापर्यंत सारे इतके सुरळीत झाले, की त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. कायम नोंदणीसाठी आमच्या भागातील वाहतूक कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिले, तेव्हा कुठे खरा प्रवास सुरू झाला. ते कार्यालय कोणते, हे मी सांगणार नाही. तिथल्या माणसांशी माझे वैर नाही, आणि पुढच्या नूतनीकरणासाठी मला तिथेच जायचे आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ मधील व्याख्येप्रमाणे ट्रेलर हासुद्धा ‘मोटार वाहन’च ठरतो. त्यामुळे मोटारीच्या नोंदणीपुस्तकावर ट्रेलरचे भागत नाही. त्याची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा. इथवर मला घरी बसूनच कळले होते. कळले नव्हते ते हे, की नोंदणीच्या अर्जाचा नमुना २० मुळात इंजिन असलेल्या वाहनाला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला आहे. सिलिंडर किती, घनक्षमता किती, इंधन कोणते, बसण्याची क्षमता किती, हे सारे रकाने त्यात आहेत आणि माझ्याकडे त्यांतल्या एकाचेही उत्तर नव्हते. मी प्रत्येक रकान्यात नीट आडवी रेघ मारली. बँकेत तीस वर्षे काढलेल्या बाईला रिकामा रकाना सोडवत नाही.

पहिल्या दिवशी खिडकीवरच्या कारकुनाने विक्रीचा दाखला, रस्त्यायोग्यतेचा दाखला, विमा, पत्त्याचा पुरावा आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा असे सगळे पाहून घेतले आणि त्या रेघेवर बोट ठेवले. “मॅडम, इंजीन नंबर बरयल्लो ना,” म्हणजे लिहिलेला नाही. या गाडीला इंजिन नाही, असे मी सांगितले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. तिथे माझ्या मोटारीला जोडलेला ट्रेलर उभा होता, आणि तो आपल्या चाकांवर कार्यालयापर्यंत आलेला सर्वांना दिसत होता. थोडा विचार करून त्यांनी मोटारीचाच इंजिन क्रमांक लिहिण्याचा सल्ला दिला. मी पेन उघडलेही होते. पण एकच इंजिन क्रमांक दोन वाहनांच्या नावावर गेला, तर उद्या मोटार विकताना, विम्याचा दावा करताना किंवा चोरीची तक्रार देताना काय होईल, हे डोळ्यांसमोर आले आणि पेन मिटले. हा सल्ला तुम्हालाही मिळेल, आणि तो देणाऱ्याच्या मनात काळेबेरेही नसेल. तरीही तो मानू नका.

दुसऱ्या खेपेस वरिष्ठांनी धूरचाचणीचा दाखला जोडायला सांगितला. वाद घालण्यापेक्षा दाखला आणलेला बरा, असे समजून मी चाचणी केंद्रावर गेले. तिथला मुलगा हातात नळी घेऊन ट्रेलरभोवती दोनदा फिरला, खाली वाकून पाहिले आणि नळी कुठे लावू, असे माझ्या यजमानांना विचारले. ट्रेलर माझ्या नावावर, तो ओढते मी, अर्जावर सही माझी, पण प्रश्न सगळीकडे यजमानांना विचारला जातो. ते बिचारे प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवत.

तिसऱ्या आणि चौथ्या खेपेस अडचणीने रूप बदलले. आता संगणक व्यावसायिक वाहनाचा परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र मागू लागला. समुद्रकिनाऱ्यावर उभा करून पर्यटकांना भाड्याने देणार आहात का, असे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारले. गोव्यात हा संशय अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. पण खासगी वापराचे प्रतिज्ञापत्र देऊनही संगणक मागे हटेना. एकदा निरीक्षक प्रशिक्षणाला गेले होते, एकदा सर्व्हर बंद होता, आणि दोन्ही वेळा “फाल्यां येयात”, उद्या या, हेच उत्तर मिळाले. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपायला १९ दिवस उरले होते, आणि रात्री झोपेत मला पिवळ्या पाटीवरची लाल अक्षरे दिसू लागली होती.

पाचव्या खेपेस निरीक्षक भेटले. मनुष्य सभ्य. त्यांनी चासी क्रमांक पडताळला, दिवे लावून पाहिले, ब्रेक पाहिला आणि मग दार उघडून आत डोकावले. आत दोन माणसांचा बिछाना आहे, तेव्हा आसनक्षमता दोन लिहावी, असा त्यांचा आग्रह पडला. चालत्या ट्रेलरमध्ये माणसाने बसायचे नसते, म्हणून ती शून्यच हवी, असे मी म्हणाले. शून्य लिहिले की संगणक पुढे जात नाही, असे ते म्हणाले. शून्य आसनांच्या, शून्य सिलिंडरच्या त्या वाहनाभोवती आम्ही दोघे मे महिन्याच्या उन्हात पाऊण तास उभे होतो, आणि त्या पाऊण तासात मी हा ट्रेलर विकून टाकण्याचा निर्णय दोनदा घेतला.

सहाव्या खेपेस कलम ६१ ची छापील प्रत घेऊन गेले. हे कलम खास ट्रेलरसाठी आहे. नोंदणीच्या तरतुदी इतर मोटार वाहनांप्रमाणेच ट्रेलरलाही लागू आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ती प्रत पाहून वरिष्ठांनी पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली. सातव्या दिवशी संगणकावरच्या एका तरुण मुलीने वाहनप्रकारांची यादी सावकाश खालपर्यंत नेली. पहिल्या दिवसापासून आमचा अर्ज व्यापारी ट्रेलर म्हणून भरला गेला होता. त्याच यादीत ‘कॅम्पर व्हॅन / ट्रेलर (खासगी वापर)’ असा प्रकार आधीपासून होता. तिने तो निवडला. परवान्याचा रकाना गेला, योग्यता प्रमाणपत्राचा गेला, आणि आसनांच्या जागी शून्य लिहिलेले संगणकाने मुकाट्याने स्वीकारले. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही. तुम्ही गेलात तर कागद पुढे करण्याआधी वाहनप्रकाराचे हे नाव पुढे करा.

याच कलम ६१ मध्ये पाट्यांविषयीही सांगितले आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लावायचा आणि मागे तो ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक दिसला पाहिजे. पत्रादेवीच्या नाक्यावर एका हवालदाराने मला उतरवून, एका गाडीला दोन नंबर कसे, असे विचारले होते. तेव्हापासून कलमाची प्रत मोटारीच्या खणातच असते.

आता ओढण्याविषयी. ट्रेलर घेण्याआधी मोटारीची पुस्तिका वाचावी. ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा चालेल आणि ब्रेक नसलेला किती, असे दोन वेगवेगळे आकडे माझ्या मोटारीच्या पुस्तिकेत आहेत, आणि मोटारीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलरची मान टेकते, त्या जोडणीच्या गोळ्यावर उभा भार किती पडू द्यावा हा तिसरा. माझ्या मोटारीसाठी तो ७५ किलो आहे. जोडणीचा हूक बंपरला नव्हे, चासीला बसणारा हवा आणि तो मोटारीच्या उत्पादकाने मान्य केलेलाच घ्यावा. कलम ५२ प्रमाणे वाहनात मनमानी फेरफार करता येत नाहीत. कोपऱ्यावरचा वेल्डर हूक अर्ध्या किमतीत करून देतो, हे मला माहीत आहे. माझ्या भाच्याने तो करून घेतला आणि सहा महिन्यांत त्याला तडा गेला.

पहिल्याच सहलीत नव्या झुवारी पुलावर वाऱ्याचा झोत आला आणि ट्रेलर शेपटी हलवू लागला. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तीच मोठी चूक ठरते. स्टिअरिंग सरळ धरून प्रवेगकावरचा पाय हळूच काढला, तेव्हा ट्रेलर शांत झाला. घरी येऊन कारण शोधले. खाणपट्ट्यातील एका ट्रकच्या वजनकाट्यावर भरलेल्या ट्रेलरचे वजन ७१० किलो भरले. पण ते काटे दहा-वीस किलोंच्या टप्प्यांनी मोजतात, गोळ्यावरचा भार त्यांवर कळत नाही. त्यासाठी स्नानगृहातला साधा काटा फरशीवर ठेवून, त्यावर लाकडी ठोकळा रचून, ट्रेलरची मान गोळ्याच्या उंचीवर टेकवली. भार फक्त ४१ किलो. एकूण वजनाच्या साधारण दहावा भाग तिथे यायला हवा. पाण्याची ६० लिटरची टाकी मागच्या टोकाला होती. ती भरली की ६० किलो आसाच्या मागे लटकत आणि पुढची मान उचलत. बॅटरी पुढच्या पेटीत हलवली, टाकी मुक्कामावर पोहोचल्यावरच भरायची असे ठरवले, आणि भार ६८ किलोंवर आला. त्यानंतर शेपटी हललेली नाही.

घाट उतरताना गिअर खालचाच ठेवावा, हे सगळेच सांगतात. माझ्या ट्रेलरचा ब्रेक मोटारीने वेग कमी केला की मागून येणाऱ्या रेट्याने आपोआप लागतो. उतरणीवर रेटा सतत चालू राहतो, म्हणून तो सतत थोडा लागलेला राहतो आणि ड्रम तापतात. अनमोड उतरताना मी मधे एकदा थांबतेच, मागच्या ट्रकवाल्याने कितीही भोंगा वाजवला तरी.

सुधारणांपैकी गोव्यासाठी ज्या उपयोगी पडल्या, त्या एवढ्याच. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे रंग टिकत नाही. चासी जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. आतल्या लाकडासाठी होड्यांना वापरतात ते मरीन प्लाय, छताच्या सांध्यांना मृगाआधी नवे सीलंट, आणि चवथीनंतर चाकांच्या बेअरिंगांना ग्रीस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीला जमिनीलगत गॅस बाहेर पडायला जाळी हवी. सुताराने माझी वर केली होती, कारण तिथे ती शोभून दिसत होती. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास गोव्यात बंदी आहे, तेव्हा चूल ट्रेलरच्या आतच हवी.

मागे घेणे मात्र वाचून येत नाही. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. ज्या बाजूला हात नेऊ, त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते. मी ते आमच्या वाड्यावरच्या फुटबॉलच्या मैदानात शिकले. संध्याकाळी खेळायला येणारी मुले बांधावर बसून मला गुण देत. पहिल्या दिवशी दहापैकी दोन मिळाले.

आणि हे सुरुवातीलाच सांगायला हवे होते: नवीन ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. मला ते मोलेच्या नाक्यावर एका ट्रकचालकाने सांगितले. पाना त्याचाच होता, आणि एक नट बोटाने फिरत होता.