तुम्ही विचारलंत म्हणून : भायखळाला आम्ही अजूनही का नेतो

"त्या दिवसानंतरही तुम्ही तिला नेता?" ती म्हणजे भायखळा, आमची लोकलच्या डब्यातली जुनी मैत्रीण, आणि नेतो ते आमच्या महिन्याच्या सहलीला. जिन्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा एका तेराव्याला जेवताना शेजारच्या बाईंनी विचारलं. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला : "आणि एवढी हौसच आहे तर एखादी गाडी करून जा ना, लोकलने कशाला?" आजवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज बसून लिहिते.

दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी. तीस वर्षं आम्ही डोंबिवलीहून सात बावन्नच्या लेडीज डब्यात उभ्या राहून मुंबईला गेलो. बसलोच तर चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धं अंग हवेत. आता महिन्यातून एका मंगळवारी, सकाळची गर्दी ओसरल्यावर, उलट्या दिशेने कर्जतकडे निघालं की प्रत्येकीला खिडकी मिळते. समोर मैत्रीण, मांडीवर मेथीची जुडी, बाहेर बदलापूरच्या पुढची भातखाचरं. मोटारीत सहा जणी कोंबून बसलो तर पुढची मागचीशी बोलू शकत नाही, शीळफाट्यालाच तास जातो, गुडघे आखडले तरी उठून उभं राहता येत नाही. आणि पैसे. आमच्यातल्या दोघींना पेन्शन नाही. लोकलचं रिटर्न तिकीट कुणापुढे हात न पसरता काढता येतं. मुलाला "गाडी पाठवशील का रे" म्हणावं लागत नाही. या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे आणि ते मला पुरेसं वाटतं.

पहिल्याचं तसं नाही.

डब्यात आम्हाला एकमेकींची नावं फार उशिरा कळली. आधी कळायचं ते उतरायचं स्टेशन, कारण सीट त्यावर ठरायची. "कुठे उतरणार?" "कुर्ला." मग ती कुर्ला. ती शाळेत इतिहास शिकवायची. घाटकोपर नर्स होती. मस्जिद एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब लिहायची. मी दादर. व्हीटीवाल्या इतक्या होत्या की त्यांच्यात मोठी आणि धाकटी करावं लागलं. मोठी व्हीटी करोनात गेली. आणि भायखळा. बाईबद्दल बोलायचं असेल तर आम्ही "भायखळाला विचार" म्हणतो, जागेबद्दल असेल तर "भायखळ्याला उतर". बाहेरच्यांना हा फरक ऐकू येत नाही. आमच्या कानाला तो पक्का बसलाय.

दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी भायखळा गोळा करायची. संक्रांतीचं हळदीकुंकू ठाणे ते घाटकोपर या पट्ट्यात उरकायचं, ते तिच्याच देखरेखीखाली. पण मला सांगायचंय ते वेगळं. माझ्या धाकट्याच्या वेळी पाचव्या महिन्यापासून ती रोज वीस मिनिटं आधी घर सोडायची, डाउन गाडीने कल्याणला जायची, तिथून सीट धरून यायची, आणि डोंबिवली आली की उठून ती सीट मला द्यायची. मग भायखळ्यापर्यंत स्वतः उभी. चार महिने. मी कधी "उद्या नको" म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. तिच्या घरी तेव्हा सासू अंथरुणाला होती आणि डबे चार असायचे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

रिटायर झाल्यावर आमच्या सहली सुरू झाल्या. टिटवाळा झालं, आसनगाव झालं, खोपोली तर अनेकदा. पण जीव कर्जतवर. फलाटावर बटाटेवडा घ्यायचा, बाकावर बसायचं आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर लागताना बघायचे. घाटात ३७ फुटांना १ फूट चढ आहे, पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला ही जादा इंजिनं जोडतात. ती जोडताना डब्यांना जो हलका धक्का बसतो तो भायखळाला फार आवडतो. खोपोलीला गेलो की कुर्ला सांगणार : १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली तेव्हा बोरघाटातले रूळ व्हायचे होते, १८६३ उजाडलं त्याला. तोवर लोक मुंबईहून गाडीने इथवर यायचे, डोलीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायचे. भायखळा दर वेळी म्हणते, "काय सांगतेस! डोलीत?" पूर्वी ती कुर्लाचं मन राखायला तसं म्हणायची. आता खरंच पहिल्यांदा ऐकत असते.

डॉक्टरांनी २०२१ मध्ये स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. तरी आम्ही तिला नेत राहिलो, आणि त्याबद्दल तेव्हा कुणी आम्हाला काही विचारलं नाही. उलट सगळे म्हणायचे, वा, मैत्री असावी तर अशी.

मग तो फेब्रुवारीतला मंगळवार. दिवस छान गेला होता. परतीच्या गाडीत नेरळ सुटलं आणि भायखळाने मला विचारलं, "मस्टर उचललं असेल का गं?" मस्टर म्हणजे ऑफिसातलं हजेरीबुक. मी म्हटलं, आज सुट्टी आहे. शेलूला परत विचारलं. वांगणीला परत. बदलापूरपर्यंत मी हसून उत्तर देत होते. अंबरनाथनंतर खिडकीबाहेर बघायला लागले. तिच्यावर लक्ष ठेवायची पाळी त्या दिवशी माझी होती, आम्ही पाळ्या लावल्या होत्या. डोंबिवलीला उतरलो. तिने माझं मनगट धरलेलं. गाडी अजून फलाटावर उभी. तिने विचारलं, "दादर, मस्टर—"

मी हात सोडवून घेतला. झटकला म्हटलं तरी चालेल. "पाच मिनिटं गप्प राहा गं," असं म्हणाले, पाठ फिरवली आणि दोन पावलं पुढे जाऊन पर्समध्ये रिक्षाचे सुटे पैसे शोधायला लागले. सुटे पैसे माझ्या मुठीतच होते. मला फक्त तिच्याकडे बघायचं नव्हतं.

मागे वळले तेव्हा गाडी हलली होती आणि फलाटावर ती नव्हती.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आले की गर्दी होती, हात सुटला. पोलिसांना हेच सांगितलं, तिच्या मिस्टरांना, मुलाला, तुम्हाला. डोंबिवलीत राहणाऱ्या कुणीही जरा विचार केला असता तर कळलं असतं. संध्याकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर कसली गर्दी? गर्दी पलीकडे असते, मुंबईहून येणाऱ्यांची. कुणी विचार केला नाही, की केला आणि बोलले नाहीत, मला माहीत नाही.

रेल्वे पोलिसांनी नाव विचारलं, वय विचारलं, साडीचा रंग विचारला. दिवसभर जी बाई माझ्यासमोर बसली होती तिची साडी मला आठवेना. घाटकोपरने सांगितलं : जांभळी, बारीक काठाची, उजव्या हातावर भाजल्याचा डाग. फोन ती घरीच विसरली होती. लाउडस्पीकरवर तिचं पूर्ण नाव पुकारलं तेव्हा क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी शोधतायत. आम्ही पूल पालथे घातले, दोन्ही बाजूंचे रिक्षास्टँड पालथे घातले. मस्जिद हळूच म्हणाली, "ती भायखळ्याला गेली असेल." मी तिच्यावर ओरडले, काहीतरी बोलू नकोस, सहाला कुणी ऑफिसला जातं का. मस्जिद स्वभावाने भित्री, गप्प बसली. त्यात आणखी पाऊण तास गेला. आपली चूक ज्याला ठाऊक असते तो किती मोठ्याने ओरडतो, हे मी त्या संध्याकाळी स्वतःच्या तोंडून ऐकलं.

ती भायखळ्यालाच होती. त्याच गाडीत परत चढून, बरोबर भायखळ्याला उतरून, पुलाच्या पायऱ्यांशी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. एका महिला पोलिसाने तिला चहा पाजला, नाव काढून घेतलं आणि डोंबिवलीला फोन केला. तिचे मिस्टर, घाटकोपर आणि मी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिने त्या पोलीस मुलीला सांगितलं होतं, "माझ्या मैत्रिणी येतील. आम्ही एकाच गाडीने जातो." मला बघून म्हणाली, "किती उशीर केलास. तुझ्यासाठी धरली होती, गेली सीट."

तिच्या मिस्टरांसमोर मला रडताही येईना.

मुलगा बंगळूरला असतो. त्याने रात्री फोन केला, "मावशी, नेमकं काय झालं?" मी माझं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, आता पुरे, आईला कुठे नेऊ नका. त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या रात्री मी आमच्या ग्रुपवर लिहिलं : "यापुढे मी कुणाची जबाबदारी घेणार नाही. आपली वयं झाली आहेत." तो मेसेज अजून आहे. मधूनमधून वर सरकवून वाचते. लिहिणारी बाई शहाणी वाटते, हिशोबी वाटते. तिला विचारावंसं वाटतं, की जबाबदारी जड झाली होती, की पकडले जाऊ ही भीती होती? ती उत्तर देत नाही. कधी वाटतं, तिचंच बरोबर होतं.

पाच महिने भायखळा आली नाही. आम्ही दोनदा गेलो, तिसऱ्यांदा कुणाला उठवेना. मग तिच्या मिस्टरांचा फोन आला. रोज सकाळी सात-सव्वासातला ती पर्स घेऊन दारात उभी राहते, म्हणाले. कुलूप लावावं लागतं. मग दारावर हात आपटते. "महिन्यातून एक दिवस दार उघडून गाडीपर्यंत नेलं तर? तुम्ही असाल तर मीही येईन." मुलाला त्यांनी सांगितलं. त्याचा विरोध होता आणि आहे. दर महिन्याला फोनवर त्यांच्यात यावरून वाद होतो, आणि दर महिन्याला आम्ही जातो.

तर असं नेतो. मिस्टर पुढच्या जनरल डब्यात. तिच्या दोन्ही बाजूंना दोघी, फलाटावर तिसरी मागे. गळ्यात पट्टीला फोन नंबर आणि पत्ता लिहिलेलं कार्ड. जुलै-ऑगस्टात जात नाही. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. गाडीत बसलं की भायखळाच्या मांडीवर पेपर पसरून मेथी देते. ती कर्जतपर्यंत निवडते, एक काडी चुकत नाही. चढणाऱ्या बाईला "कुठे उतरणार?" विचारते, आणि बाईने सांगितलं की जागा करून देते. त्या सव्वा तासात तिला काय करायचं ते माहीत असतं.

पण दर वेळी असंच होतं हे सांगितलं तर ती दुसरी थाप होईल. गेल्या वर्षी दोनदा ती अंबरनाथपासून नेरळपर्यंत रडत होती, कशासाठी ते तिलाही सांगता येत नव्हतं. एकदा भिवपुरीला दाराकडे धावली, घाटकोपरने कमरेला मिठी मारून धरली. तेव्हा समोरची एक तरुण मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "घरी बसवत का नाहीत यांना?" मी तिला काही बोलू शकले नाही. पंचेचाळिशीत मी हेच बोललेय. सात बावन्नला एखादी म्हातारी चढली की आम्ही एकमेकींकडे बघून पुटपुटायचो, या वेळेला कशाला येतात या. मला तेव्हा त्या म्हातारीचं नावच काय, स्टेशनही माहीत करून घ्यायचं नव्हतं.

आम्ही तिच्यासाठी नेतो की माझ्यासाठी? घाटकोपर म्हणते, तिच्यासाठी. कुर्ला म्हणते, आपल्या सगळ्यांसाठी, ती नसती तर आपण केव्हाच घरी बसलो असतो. मी बोलत नाही. आजपर्यंत त्या फलाटावरचं खरं यांच्यापैकी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यांनाही ते इथेच कळेल, मुलालाही. त्यानंतर त्याने "नाही" म्हटलं तर या वेळी मी मध्ये पडणार नाही. निदान आज तरी असं वाटतंय.

मागच्या मंगळवारी डोंबिवलीला उतरलो. मिस्टर पुढून येत होते, गाडी उभी होती, मी भायखळाचा हात धरलेला. ती म्हणाली, "दादर, दुखतंय गं. जरा सैल धर."

गाडी सुटेपर्यंत मी सैल केला नाही.