दहावीचाच प्रोसेसर द्या

"सर, दहावी जुनी झाली. अकरावी घ्या."

"नको, दहावीच द्या."

"मग बारावी तरी बघा, ऑफर आहे."

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात काउंटरवरचा मुलगा आणि मी हे इतक्या गंभीरपणे बोलत होतो की मागे उभ्या असलेल्या बाईंना कॉलेज प्रवेशाचा काही घोळ झालाय असं वाटलं असणार. विषय इंटेल प्रोसेसरच्या पिढ्यांचा होता आणि साल २०२२, नोव्हेंबर.

मला हॅकिंटॉश करायचा होता. म्हणजे बाजारातून सुटे भाग आणायचे, पीसी जोडायचा आणि त्यावर विंडोजऐवजी मॅकओएस चालवायची. घरचा २०१२ चा आयमॅक मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीला येऊन थांबला होता आणि नवं लॉजिक प्रो, म्हणजे ॲपलचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, त्याच्यावर चढत नव्हतं. माझी दहा वर्षांची रेकॉर्डिंग लॉजिकमध्ये: बुवांची भजनं, दोन एकांकिकांचं पार्श्वसंगीत, भाचीच्या बारशाचा पाळणासुद्धा. एम१ चिपचा मॅक मिनी ६४,९०० रुपयांपासून सुरू होत होता, पण त्यात रॅम ८ जीबी आणि साठवण २५६. दोन्ही दुप्पट केलं की आकडा लाखापलीकडे, आणि पुढे रॅम वाढवायची सोय नाही. घरी मी हेच कारण सांगितलं. खरं कारण एवढंच की हे आपल्या हातून होतं का ते मला बघायचं होतं.

कायद्याचंही सांगून टाकतो. मॅकओएसच्या परवान्यात ती ॲपलच्याच मशीनवर बसवायची असं स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी असे पीसी तयार करून विकायला लागली, तेव्हा २००८ मध्ये ॲपलने तिला कोर्टात खेचलं आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. त्यामुळे "मलाही एक करून दे, पैसे देतो" म्हणणाऱ्या मित्रांना मी हात जोडले.

तर दहावी का? मॅकओएसमध्ये ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, असतात ते बहुतेक ॲपलने कधी ना कधी स्वतःच्या मशीनमध्ये बसवलेल्या भागांचे. म्हणून आधी एक खरा मॅक डोळ्यांसमोर ठेवायचा आणि त्याच्या जवळात जवळचे भाग शोधायचे. २७ इंची २०२० च्या आयमॅकमध्ये इंटेलची दहावी पिढी होती. अकरावीचा डेस्कटॉप प्रोसेसर ॲपलने कुठल्याच मॅकमध्ये घातला नाही. तोवर त्यांचा स्वतःचा एम१ आला होता. अकरावी-बारावीवरही लोक मॅकओएस चालवतात, पण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर पाणी सोडावं लागतं. मी आय५-१०४०० घेतला. त्याचाच एफ अक्षरवाला भाऊ दीड-दोन हजारांनी स्वस्त होता, पण त्याच्या पोटात ग्राफिक्सच नाही. या दीड-दोन हजारांनी पुढे माझी लाज राखली.

मदरबोर्ड बी४६० चिपसेटचा. निवडताना मी फक्त नेटवर्कची चिप इंटेलची आहे ना एवढंच पाहिलं. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, रॅम यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रॅम ३२ जीबी घातली, चांगल्या कंपनीची कुठलीही चालते. एसएसडीत मात्र फसता फसता वाचलो. लॅपटॉपमधून काढलेल्या सॅमसंग पीएम९८१ तिथे अगदी स्वस्तात मिळतात आणि दिसायला देखण्या असतात. पण मॅकओएसशी त्यांचं पटत नाही, मशीन मध्येच कोसळतं. मी वेस्टर्न डिजिटलची साधी निळी एक टीबी उचलली.

आता ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाचं कार्ड कितीही चांगलं असलं तरी इथे उपयोगाचं नाही. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून त्यांच्या नव्या कार्डांना ड्रायव्हरच नाहीत. एएमडीतसुद्धा खाचाखोचा आहेत: आरएक्स ६६०० चालतं, त्याहून महागडं ६७०० एक्सटी तेव्हा चालत नव्हतं. माझं बजेट पाहता आरएक्स ५८० ठरलं. वेळही बरी होती. सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत बंद केली होती आणि त्यासाठी दिवसरात्र राबलेली कार्डं ढिगाने बाजारात उतरली होती. एका दुकानात आठ हजारांत ८ जीबीचं मिळालं, डब्यासकट. मी खूश होऊन डोंबिवलीची स्लो लोकल पकडली, डबा मांडीवर.

जोडणीला एक दुपार पुरली. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट, फास्ट बूट आणि सीएसएम बंद करायचं, सीएफजी लॉक काढायचं. बाकी मशीन सुरू होताना आधी चालणारा ओपनकोअर नावाचा प्रोग्रॅम हा पीसी म्हणजे २०२० चा आयमॅक आहे असं मॅकओएसला सांगतो. दोन रात्री कॉन्फिग फाईलमधल्या एका चुकीच्या ओळीत गेल्या, ते सोडून देतो. तिसऱ्या रात्री मॅकओएसची माँटेरे आवृत्ती सुरू झाली. आईला उठवून दाखवली. ती म्हणाली, "जुन्यासारखीच तर आहे." हेच तर ऐकायचं होतं!

पण डॉक, म्हणजे खालची चिन्हांची पट्टी, अपारदर्शक, खिडक्या ओढल्या की मागे शेपूट राहतंय. 'या मॅकविषयी'मध्ये ग्राफिक्सपुढे लिहिलेलं: डिस्प्ले ७ एमबी. आठ जीबीचं कार्ड आणि ७ एमबी! म्हणजे ड्रायव्हरने कार्डाला ओळखलंच नव्हतं. दोन दिवस मी चूक कॉन्फिगमध्येच शोधत बसलो. शेवटी जुन्या हार्डडिस्कवर विंडोज टाकून कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये पाहिलं. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर, म्हणजे चित्राचं गणित करणारे छोटे घटक, असतात, माझ्यात २०४८ होते. हे २०४८एसपी प्रकारचं कार्ड होतं, २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं. नाव ५८०चं, अंग ५७०चं, आणि ओळखक्रमांक ६७डीएफऐवजी ६एफडीएफ. मॅकओएसच्या यादीत हा क्रमांकच नाही.

शनिवारी परत गेलो. दुकानदार म्हणाला, "डब्यावर ५८०च लिहिलंय की." लिहिलं होतं, खरंच. कोपऱ्यातले बारीक अक्षरांतले २०४८एसपी मीच वाचले नव्हते. अर्धा तास घासाघीस केल्यावर बाराशे रुपये वर घेऊन त्याने २३०४ वालं कार्ड दिलं, तेही त्याच्याच मशीनवर जीपीयू-झेड लावून दाखवल्यावर. मधल्या आठवड्यात माझं काम थांबलं नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर लॉजिक चालवलं. एफवाला घेतला असता तर आठवडाभर हात चोळत बसलो असतो.

मग यूएसबी. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मोजते, आणि निळा यूएसबी ३ पोर्ट दोन धरले जातात, कारण त्यात जुन्या वेगाचाही एक लपलेला असतो. कुठले ठेवायचे आणि कुठले वगळायचे याचा नकाशा आपणच करायचा. मी प्रत्येक भोकात पेन ड्राइव्ह घालून कागदावर खुणा केल्या, नकाशा बनवला, आणि रेकॉर्डिंगचा ऑडिओ इंटरफेस नेमका वगळलेल्या पोर्टात खोचला. दाराशी पेटी घेऊन आलेले बुवा वीस मिनिटं चहा पीत बसले.

सगळे मिळून त्रेपन्न हजारांच्या आसपास गेले. त्यात चार हजारांचं फेन्वी टी९१९ हे वाय-फाय कार्डही आलं. त्यावर खऱ्या मॅकमधली ब्रॉडकॉमची चिप असते, म्हणून एअरड्रॉप वगैरे काही न करता चालतं. सगळ्या भागांत हीच निवड सर्वांत बिनधोक, असं मी तेव्हा चार जणांना सांगितलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅकओएसची सोनोमा आवृत्ती आली आणि ॲपलने नेमका त्याच चिपचा आधार काढून टाकला. सिस्टीमच्या फाइली पॅच करून ते परत चालवता येतं, पण मग प्रत्येक अपडेटला पुन्हा तीच पूजा.

मी तिच्या आधीच्या व्हेंच्युरावर थांबलोय. इंटेलच्या मॅकसाठी टाहो ही मॅकओएसची शेवटची आवृत्ती असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलं. तिच्या यादीत २०२० चा आयमॅक आहे, म्हणजे आमची दहावी अजून पटावर आहे. सध्या लॉजिक उघडतं, पेटीचा आवाज स्वच्छ येतो, आणि पुढच्या महिन्यात बुवांच्या गवळणी रेकॉर्ड करायच्या आहेत. तोवर मी अपडेटच्या बटणाला हात लावणार नाही.