धागा वर काढला

गुरुवार, रात्रीचे साडेबारा

आज दिवसभरात धड काम एकच झालं, आणि तेही कुणी सांगितलेलं नव्हतं. मामाच्या कॅमेऱ्याचं दुखणं सापडलं.

कॅननचा कॅनोनेट, १९७२ साली आलेलं मॉडेल. भिंग स्वच्छ, शटर खणखणीत, पण दोन्ही रोल अंधारे आले. निगेटिव्ह उजेडासमोर धरली तर फिकुटलेली. म्हणजे प्रकाश कमी पडतोय आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मात्र ‘भरपूर आहे’ म्हणतोय.

पंधरा दिवसांपूर्वी हे मी सोशल मीडियावरच्या, फक्त फिल्मवर काढलेल्या फोटोंच्या एका भल्यामोठ्या ग्रुपवर विचारलं होतं. सोबत कॅमेऱ्याचा फोटो टाकला, हीच चूक. फोटोवर बदाम पडले दोनशेच्या वर. ‘आहाहा!’, ‘आमच्या बाबांकडे हाच होता’, ‘विकणार का?’ आणि एक ‘सेल बदलून बघा’. सेल नवाच होता. तसं लिहीपर्यंत पोस्ट खाली गेली होती आणि वर कुणाच्या तरी खिडकीतल्या मांजराचा फोटो होता. (मांजर फिल्मवर टिपलेलं होतं, त्यामुळे नियमात बसत होतं.)

उत्तर मिळालं ते एका जुनाट फोरमवर, म्हणजे चर्चेच्या वेबसाइटवर, २००६ च्या धाग्यात (एका प्रश्नाखाली चाललेल्या चर्चेला तिथे धागा म्हणतात). कुणीतरी माझाच प्रश्न विचारलेला, आणि खाली एका गृहस्थांनी सविस्तर समजावलेलं. हे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले. तो सेल संपेस्तोवर जवळजवळ तेवढाच व्होल्टेज देत राहायचा, म्हणून मीटरही त्याच्या भरवशावर बेतलेला. पुढे पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. आता त्याच मापाचा जो अल्कलाइन सेल मिळतो तो १.५ व्होल्टचा, शिवाय वापरता वापरता उतरत जाणारा. व्होल्टेज जास्त, की मीटरला उजेड जास्त भासतो, आणि फोटो अंधारा.

त्यावर दुसऱ्या एकाने हरकत घेतली: कशाला एवढा खटाटोप, कॅमेऱ्यावर फिल्मचा स्पीड एक घर खाली लावा, म्हणजे तो उजेड जास्त घेईल, झालं. मग दोन पानं नुसती जुंपलेली. पण मला आवडलं ते पुढचं. २०११ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी, तो हरकतवाला परत आलाय. म्हणतो, वेगवेगळ्या उजेडात मोजून बघितलं, फरक सगळीकडे सारखा येत नाही, माझं चुकलं. खाली आकड्यांचा तक्ता. पाच वर्षांनी येऊन ‘माझं चुकलं’ म्हणायला आधी ते भांडण जागच्या जागी असावं लागतं. ग्रुपवर त्याला स्वतःचं वाक्यसुद्धा सापडलं नसतं.

हे स्वानुभवाने लिहितेय. तीन वर्षांपूर्वी मी त्याच ग्रुपवर एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं. जुन्या कॅमेऱ्यांच्या मागच्या दाराला लावलेला फोम विरघळून काळा चिकटा होतो, तो दातकोरणं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कसा काढायचा, नवी पट्टी कशी चिकटवायची, सगळं. लोकांनी डोक्यावर घेतलं. परवा एका मुलीने तेच विचारलं. अर्धा तास धुंडाळलं, माझंच उत्तर मला मिळेना. शेवटी नव्याने लिहिलं, अर्थात थोडक्यात, वैतागून.

फोरमचे गोडवे गाताना हात जरा आवरायला हवा. याच फोरमवर आठ वर्षांपूर्वी मी पहिला प्रश्न टाकला तेव्हा दहा मिनिटांत फटका बसला होता: ‘आधी शोधा, मग विचारा.’ त्यानंतर जी गप्प झाले ती आजतागायत वाचनमात्र. हा खवटपणा फोरमांच्या आधीपासूनचा आहे. युझनेटवर, १९८० मध्ये सुरू झालेल्या त्या चर्चांच्या जाळ्यावर, दर सप्टेंबरला कॉलेजांत नवी पोरं यायची, तेच ते विचारायची, हळूहळू रुळायची. १९९३ पासून इतकी नवी माणसं येत राहिली की तो सप्टेंबर अजून संपलेला नाही, असं जुनी मंडळी कुरकुरत म्हणतात. ग्रुपवर निदान कुणी वसकन अंगावर येत नाही. उत्तर चुकीचं देतील, पण हसून देतील.

आणि फोरम म्हणजे काही शिलालेख नव्हे. आजच्या धाग्यात जिथे सेल बसवल्याचे फोटो होते तिथे राखाडी चौकटी आहेत. त्या काळी फोटो दुसऱ्याच एका सेवेवर ठेवून इथे नुसती लिंक द्यायचे. २०१७ मध्ये त्या सेवेने अशा वापराला वर्षाला ३९९ डॉलर मागितले, आणि एका फटक्यात असंख्य धागे आंधळे झाले. कॅमेऱ्यांची पंढरी म्हणावी असं डीपीरिव्ह्यू हे संकेतस्थळ १९९८ पासूनचं. २०२३ च्या मार्चमध्ये ते बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा लोक मिळेल ते उतरवून घ्यायला धावले. जूनमध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं म्हणून निभावलं.

असो. धाग्यातला उपाय केला. श्रवणयंत्रातला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्टचा. मूळ सेलपेक्षा अंगाने बारीक, म्हणून कप्प्यात खुळखुळतो. राखाडी चौकटीतल्या फोटोत बहुधा यावरचा इलाज होता. मी रबराची कडी भोवती बसवली. सेलवरचा कागद काढला की हवा लागून तो सुरू होतो आणि मग कॅमेरा वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. म्हणून सेल सुरू केल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली. मीटरचा काटा आता फोनवरच्या मीटरशी जुळतोय.

मग पासवर्ड आठवेना, तो बदलला, आणि धाग्याखाली कडीचा फोटो चढवला. तिथेच चढवला, लिंक नाही दिली. उत्तर लिहायच्या चौकटीवर पिवळी पट्टी आली: या धाग्यावर ११ वर्षांत कुणी लिहिलेलं नाही, नक्की उत्तर द्यायचंय? त्या गृहस्थांच्या नावापुढे ‘शेवटची भेट २०१९’. नवं काही लिहिलं की जुना धागा यादीत वर येतो, म्हणून लिहिलं, ‘धागा वर काढतेय, क्षमस्व’, आणि खाली मापं.

आत्ता पुन्हा बघितलं तर सेलचा व्यास ११.६ मिलिमीटरऐवजी १६.१ पडला होता. दुरुस्त केला.