गुलाबी दात

आमच्या बेसिनवरच्या फळीवर सध्या चार टूथपेस्ट नांदतात. एक लवंगेची, एक कोळशाची काळीकुट्ट, एक दात शिवशिवतात त्यांच्यासाठी, आणि एक स्ट्रॉबेरीच्या चवीची. ही शेवटची, घरात लहान मूल नसताना कशी आली, ते कुणी कबूल करत नाही. बाजूला निळ्या माउथवॉशची बाटली आणि एकदाच उघडलेली फ्लॉसची, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायच्या दोऱ्याची, डबी. एवढा दारूगोळा कुणाविरुद्ध, तर दातांवरच्या एका पांढुरक्या, चिकट थराविरुद्ध. सगळा खरवडून काढला तरी नखाच्या टोकावर मावेल. दाताचे डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात.

हा थर पहिल्यांदा निरखून पाहिला तो हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडवाल्याने. अँटनी लेवेनहूक दुकान सांभाळून हौसेने भिंगं घासायचा. सप्टेंबर १६८३ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्र लिहिलं. त्यात आधी स्वतःच्याच दातांचं कौतुक आहे: रोज मिठाने घासतो, दाढा कोरतो, फडक्याने पुसतो, माझ्या वयाच्या माणसाचे इतके स्वच्छ दात क्वचित दिसतील. तरी फटींमध्ये काहीतरी पांढरं उरायचंच. ते पावसाच्या पाण्यात कालवून भिंगातून बघितलं, तर आत जिवांची पळापळ! पुढचा भाग मला जास्त आवडतो. त्या पाण्यात जरासं व्हिनेगर टाकलं की जीव लगेच मरत. पण त्याच व्हिनेगरने गुळण्या करून मग दातांमधला थर काढला, तर आत मंडळी खुशाल. त्याने ताडलं की व्हिनेगर वरवरच्यांनाच मारतं, थराच्या आत पोचतच नाही. माउथवॉशवाल्यांची पुढच्या तीनशे वर्षांची अडचण या गृहस्थाने एका पत्रात सांगून टाकली होती.

कारण हा थर म्हणजे जंतूंचा नुसता ढीग नव्हे, बांधलेली वसाहत आहे. दात घासून आपण चहाला बसतो न बसतो, तोच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातावर चढतो. त्यावर पहिले जंतू येऊन चिकटतात, साखरेपासून स्वतःचा डिंक तयार करतात आणि त्या डिंकावर पाहुणे उतरतात. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ जसं वरून पाणी ओतून जात नाही, खराटाच घ्यावा लागतो, तसंच हे. आणि घासायचं राहून गेलं तर लाळेतले क्षार त्यात भरतात, त्याचं कीटण होतं. मग ब्रशने कितीही कुटा, ते दाताच्या डॉक्टरकडेच निघतं.

आमच्या आजोळी हा खराटा प्रत्येकाचा वेगळा होता. आजोबांची राखुंडी, गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून डब्यात भरलेली. मामाची बाभळीची काडी, जी तो गोठ्यापासून ओढ्यापर्यंत चघळत जायचा. त्या चघळण्यात वेळ भरपूर जायचा, आणि आता वाटतं, निम्मं काम त्या वेळानेच केलं. राखुंडीने थर निघायचा खरा, पण राख जाड असली की दाताचं वरचं कवचही झिजायचं. आजीची मात्र मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळत अर्धा तास मोरीपाशी बसून राहायचं. ती याला दात घासणं म्हणायची, आणि तिला तसं म्हणू देण्यात सगळ्या घराचा सहभाग होता. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली. पण तव्यावर कसली बंदी आणणार?

मागे आमच्या दाताच्या डॉक्टर बाईंनी एक लाल गोळी हातावर ठेवली. "काका, घरून घासून आलात ना? आता ही चावा, जिभेने सगळीकडे फिरवा आणि चूळ भरा." मग हातात आरसा दिला. जिथे जिथे थर होता तिथे तिथे रंग धरला होता. समोरचे दात पुढून लख्ख. खालच्या दातांच्या मागे मात्र गडद गुलाबी पट्टा, हिरडीलगत बारीक गुलाबी किनार, आणि शेवटच्या दाढेची रंगपंचमी झालेली. बाई आरशात डोकावून म्हणाल्या, "लोकांना दिसतं तेवढंच घासता तुम्ही."

पेस्ट बदलून हे जाणार का, असं मी विचारलं. त्यांनी नुसता ब्रश उचलून दाखवला. तेव्हापासून थोडं वाचत गेलो. २०१६ साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एक एकत्र आढावा निघाला. त्याचं म्हणणं, थर खरवडून काढण्याच्या कामात ब्रशला पेस्टची काही जास्तीची मदत होत नाही. म्हणजे तो फेस, तो झणझणीत थंडावा हा सगळा उत्सव. पेस्टचं खरं काम दुसरीकडे आहे. थरातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, त्याने दातातले क्षार विरघळतात. पेस्टमधलं फ्लोराइड ते क्षार परत बसवायला मदत करतं आणि पृष्ठभाग आम्लाला जरा निबर बनवतं. जंतूंना हुसकायचं काम हाताचं.

हाताने ते काम सोडलं तर काय होतं, हेही बघून झालेलं आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑरहूसला हाराल्ड लो या दंतसंशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. त्यात बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागले तशा आठवडाभरात ठीक झाल्या. त्यांच्याशेजारी बसून कॉलेजात लेक्चर ऐकणाऱ्यांबद्दल कुणी काही लिहिलेलं दिसत नाही.

थरावर खरोखर चालणारं औषधही आहे, क्लोरहेक्झिडिन. दाढ काढल्यावर गुळण्यांसाठी देतात ते. तोंडात चिकटून राहतं आणि तासन्‌तास जंतूंना वाढू देत नाही. पण महिनाभर वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाबाजांच्या तर विशेष, आणि आमटीत मीठ आहे की नाही ते कळेनासं होतं. आमच्याकडे यावरून एकदा स्वयंपाकाची नाहक निंदा झालेली आहे.

आता मी हिरडीच्या कडेला ब्रश तिरका धरून सावकाश फिरवतो. फ्लॉसही सुरू केला. दात कोरून पोट भरत नाही हे खरं, पण फटीत ब्रश शिरत नाही हेही तितकंच खरं. बाईंची एकच सूचना अंमलात येईना. घासून झाल्यावर फक्त थुंका म्हणाल्या, चूळ भरू नका. फ्लोराइड दातांवर राहू द्या. शास्त्र मला पटलं. पण मोरीत खळखळून चार चुळा भरल्याचा आवाज आल्याशिवाय आमच्या आईच्या लेखी दात घासलेच जात नाहीत, आणि तोवर चहाचं आधण गॅसवर चढत नाही.