पाच दिवसांचा गणपती, दीड दिवसाची रजा

"आमचा गणपती पाच दिवसांचा, ताई. पण मी दीड दिवसात परत. पाच परवडत नाहीत."

साडीची घडी घालता घालता दुकानातले काका सहज बोलून गेले. मागच्या भिंतीवर कॅलेंडर, त्यावर लाल पेनाने चौघांचे खाडे मांडलेले. अर्ध्या दिवसाचा खाडासुद्धा! महिनाअखेरीला तेवढे पैसे कापायचे, हिशेब संपला. गावची एसटी, घरचा खर्च, वर पगाराला कात्री.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे. पण कायदा आला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं त्यातल्या बहुतेक तरतुदींतून बाहेर ठेवली. म्हणजे हे चौघे गेले कामातून.

मालकही काही गडगंज नाही, मान्य. पण मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातलं कलम 24 भरपगारी सुट्टीचा हक्क 'प्रत्येकाला' देतं, कामगारांची डोकी मोजून नाही.

आमच्या ऑफिसात मार्च आला की उरलेल्या रजा कुठे 'संपवायच्या' यावर चर्चा रंगते. तुमच्या ओळखीच्या दुकानात कुणाला भरपगारी रजा मिळते का हो?